दोन इंच तार

परसराम गजभियेच्या हातून तारेचं काम कधी चुकलं नाही, असं सांगणारे मोहाडीत आजही ढिगानं भेटतील. त्यांचं काही खोटं नाही. चौतीस वर्षं हा माणूस जवाहरनगरच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होता आणि त्याच्या हाताखालच्या एकालाही कधी साधा झटका बसला नाही. पण एक काम चुकलं. आणि चुकावं कुठं, तर स्वतःच्या पोराच्या मशीनीत. याला नशीब वगैरे म्हणू नका, मला राग येतो. नशिबाचा यात काही हात नव्हता. हात परसरामचाच होता.

माणूस कसा होता ते आधी सांगतो. घरातला बल्ब बदलायचा असला तरी तो मेन पाडायचा आणि मेनच्या डबीवर पुठ्ठ्याची पाटी लटकवायचा, ‘माणूस कामावर आहे’. सुमनबाई, त्याची बायको, कपाळाला हात लावायची. म्हणायची, “अवो, घरात माणसं मोजून पाच. पाटी कोनाले दाखवता?” हा म्हणायचा, “पाचातलाच एक मारते, सुमन. बाहेरचा येत नाही मारायले.” बोलणं असं तिरपं, पण हात सरळ. रिटायर झाला तेव्हा लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले, आणि यानं तिथंच त्याचं मागचं झाकण उघडून सेल नीट बसलाय का ते पाहिलं.

अंकुश त्याचा एकुलता एक पोरगा. लाकडावर नक्षी कोरायचा त्याचा धंदा. घराला लागूनच पत्र्याची शेड, त्यात सागवानाचे दरवाजे, देव्हारे, विहारासाठी बुद्धाच्या मूर्ती. हातात कला होती पोराच्या. पटाशी धरली की लाकडातून पान उमलायचं. पण लग्नसराईत एका हातानं किती दरवाजे होणार? म्हणून त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून घरीच सीएनसी मशीन बांधायला घेतली. म्हणजे कंप्युटरमध्ये नक्षी टाकायची आणि मशीननं ती आपोआप कोरायची. लोखंडी चौकोनी पाइपांची खाटेएवढी चौकट, तिच्यावर रुळांवरून सरकणारा आडवा दांडा आणि दांड्याला लटकलेली स्पिंडल. स्पिंडल म्हणजे गरगर फिरणारी मोटार. तिच्या टोकाला पोलादी बिट बसवायचं आणि त्या बिटानं लाकूड कोरायचं. मोठं काम मशीन करणार आणि शेवटचा हात अंकुश फिरवणार, असा बेत होता.

लोखंडाचं काम अंकुशनं केलं. विजेचं बापानं मागून घेतलं. “मशीन तुही, पॅनेल माह्यं,” म्हणाला.

त्या पॅनेलवर परसराम दोन महिने बसला. शेडमागे खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं. पॉवर सप्लाय दोन वेगळे घेतले. छत्तीस व्होल्टचा मशीन सरकवणाऱ्या मोटारींना, आणि चोवीसचा फक्त बटणांना आणि रिलेला. अंकुश म्हणाला, एकावरच भागते ना बाबा, व्हिडिओत तर एकच लावते. बाप म्हणाला, व्हिडिओवाल्याच्या घरी जाऊन पाय, त्याले बोटं किती शिल्लक आहेत ते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर चढवले. पॅनेलचं दार उघडलं तेव्हा सुमनबाईसुद्धा म्हणाली, इतक्या निगुतीनं तर मी कधी वेणी नाही घातली.

आणि मधोमध बसवला सेफ्टी रिले. मुठीएवढी पिवळी डबी. तिचं काम एकच. लाल बटण दाबलं, तार तुटली किंवा वीज गेली, की ती मशीनीची वीज तोडते. आणि वीज परत आली तरी आपण होऊन जोडत नाही. माणसानं पॅनेलपाशी यायचं, मशीनीत कोणाचा हात-पाय नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि मग निळं बटण दाबायचं. तेव्हाच मशीन उठते.

“ध्यानात ठेव,” परसरामनं पोराला समोर उभं करून सांगितलं, “निळं बटण दाबल्याबिगर हे जनावर उठत नाही. लाईन येवो, जावो. स्पिंडलचा खटका चालू राहिला असला तरी नाही उठत. कोनी तरी दाबाले पायजे.”

हे त्यानं एकदा नाही, पन्नासदा सांगितलं असेल. अंकुशच्या डोक्यात ते असं बसलं की पाच वर्षांची गुड्डी, त्याची पोरगी, शाळेतल्या बाईला सांगून आली, आमच्या घरी निळं बटण आहे, ते दाबल्याबिगर काहीच उठत नाही.

मशीन उत्तम चालली. अडचण आली ती भिंतीपलीकडून. पलीकडे ताराचंद पटल्याची राईस मिल. दिवाळीनंतर धान निघालं की मिल दिवसभर चालते, आणि तिची मोठी मोटार उठताना सगळ्या आळीची वीज लपकते. दिव्याला त्याचं काही नाही, दिवा डोळा मिचकावून पुन्हा लागतो. पण रिले पडायचा. रिले पडला की नक्षी अर्ध्यात थांबायची आणि जिथं थांबली तिथं सागवानावर चरा उमटायचा.

त्यावर दोन्ही घरांनी आपसात एक रीत पाडली. मोटार उठवायच्या आधी ताराचंद भिंतीवर लोखंडी सळईनं दोनदा ठोकायचा आणि हाक द्यायचा, “परसरामभाऊ, उठवतो!” मशीनीच्या गोंगाटात अंकुशला ते ऐकू येत नसे, त्याच्या कानांवर आवाज अडवणारे बोंडे असायचे. म्हणून परसराम स्वतः खुर्ची टाकून भिंतीपाशी बसायचा. हाक आली की हात वर करायचा. अंकुश बिट वर उचलून मशीन थांबवायचा. मिल उठली, वीज लपकली, की परसराम वाकून मशीन बघायचा, निळं बटण दाबायचा. साठी उलटलेला माणूस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, याच कामावर. त्याला त्याचा अभिमानच होता.

अंकुशनं एकदा धीर करून विषय काढला. “बाबा, रिलेच्या पुस्तकात लिहून आहे. निळ्या बटणाच्या दोन टोकांवर तार जोडली तर रिले आपोआप पकडते, बटण दाबा नाही लागत. लपकी आली तरी मशीनले पत्ता लागत नाही. तुमाले दिवसभर बसा नाही लागन.”

परसराम असा भडकला की सुमनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पुस्तकात त्याच्याखाली का लिहून आहे ते बी वाच! जिथं मानसाचा हात जात नाही, तिथंच तशी जोडा म्हणून लिहून आहे. तू बिट बदलाले हात घालते का पाय घालते? पुन्यांदा माह्यासमोर ही गोष्ट काढशीन तर पॅनेल उखडून नेईन.” पोरगा मान खाली घालून ऐकत राहिला. सून प्रतिक्षा दारात उभी होती, तिच्यासमोर. अंकुशनं पुन्हा तो विषय काढला नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढं काय झालं ते ऐका.

डिसेंबरात कोंढ्याहून निरोप आला, परसरामचे भाटवे, थोरल्या बहिणीचा नवरा, वारले. माती झाली. मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. परसराम आणि सुमनबाईला दोन दिवस तरी जावं लागणार होतं. बहीण चंदा एकटी पडलेली, न जाऊन कसं चालेल? आणि इकडे अंकुशच्या मशीनीवर दरवाजाची मोठी जोडी चढलेली. आदल्याच आठवड्यात एक फळी चरा पडून वाया गेली होती आणि पोरगा जेवण सोडून पटाशीनं तो चरा बुजवत बसला होता. परसरामनं ते पाहिलं होतं. आपण गेल्यावर हाक कोण ऐकणार, हा विचार त्याच्या डोक्यातून हलेना.

निघायच्या सकाळी अंकुश आंघोळीला गेला होता. परसराम शेडमध्ये आला. मेन पाडला. पॅनेल उघडलं आणि निळ्या बटणाच्या दोन टोकांवर दोन इंच लाल तार टाकून स्क्रू आवळला. दोन मिनिटांचं काम. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, आल्याबरोबर काढून टाकू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं पाटीसुद्धा लटकवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि अंकुशला सांगितलं नाही. खरा घात तिथं झाला. तार टाकणं चूकच, पण ती सांगून टाकली असती तर पोरगा सांभाळून राहिला असता. सांगायचं कोणत्या तोंडानं? ज्या गोष्टीवरून सुनेसमोर पोराला झाडलं तीच आता आपण करतोय, हे म्हणायला जीभ उचलेना. आंघोळ करून आलेल्या पोराला तो एवढंच म्हणाला, “येतो. सांभाळून राहजो.” आणि बायकोला घेऊन एसटीत बसला.

दुसऱ्या दिवशी कोंढ्याला अंगणात मांडव घातला होता. सतरंजीवर माणसं बसली होती, भन्तेजी यायचे होते. साडेदहाच्या सुमारास परसरामचा फोन वाजला. अंकुश होता, आणि भलताच खुशीत.

“बाबा, आज लाईन एकदम मस्त आहे! ताराचंदकाकानं चार खेपा मोटार उठवली, पाहून आलो मी. मशीन एक बी खेप नाही पडली. कालपासून नाही पडली. बोर्डानं तार-बिर बदलवली वाटते.”

परसरामला वाटलं, सांगावं. आत्ता सांगावं, बाबू, लाईन चांगली नाही, मी तार टाकून आलो आहे, ती काढ. ओठांपर्यंत आलं होतं. शेजारी बहिणीचे दीर बसले होते, समोर फॅक्टरीतले दोन जुने सोबती, जे नुकतंच सगळ्यांना सांगत होते की परसरामभाऊसारखा सेफ्टीचा माणूस आम्ही पाहिला नाही.

“हव का?” तो म्हणाला. “चांगलं आहे.”

“तुमी आरामात या.”

“हव.” आणि त्यानं फोन खिशात ठेवला.

एक वाजून गेल्यावर प्रतिक्षाचा फोन आला. ती नुसती किंचाळत होती. फोन सुमनबाईनं घेतला आणि ती ऐकता ऐकता खालीच बसली.

झालं होतं ते असं. बारा-सव्वाबाराला वीज खरोखरीच गेली. अर्धा तास आली नाही. बिटात भुसा अडकला होता, तेव्हा रिकामा वेळ आहे तर बिट बदलून घेऊ म्हणून अंकुशनं पाना घेतला. स्पिंडलचा खटका चालूच होता, पण त्याची त्याला काय फिकीर? निळं बटण दाबल्याशिवाय जनावर उठत नाही, हे त्याला बापानं सांगितलं होतं. त्यानं उजव्या हातानं बिट धरलं, डाव्या हातानं पाना लावला, आणि वीज आली. रिलेनं आपोआप पकडलं. स्पिंडल फिरली. पाना उडून पत्र्यावर आदळला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही गेली. ज्या दोन बोटांत पटाशी धरतात ती.

आधी भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. डॉक्टरांनी बघून सांगितलं, जोडण्यासारखं काही राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कपडे आणायच्या निमित्तानं परसराम एकटा मोहाडीला आला. शेडमध्ये गेला. जमीन कोणीतरी धुऊन काढली होती. त्यानं पॅनेल उघडलं, तार काढली आणि खिशात घातली. परत जाताना गावाबाहेरच्या बोडीपाशी उतरून ती पाण्यात फेकली. का फेकली? पोलिस येणार नव्हते, कोणी तपास करणार नव्हतं. तरी फेकली. चोरी केलेल्या माणसाचे हात कसे चालतात ते त्याला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात अंकुश छताकडे बघत पडला होता. बापाला पाहून म्हणाला, “बाबा, मी बटण दाबलं असन.”

“का?”

“निळं बटण. मले आठवून नाही राहिलं. पन मीच दाबलं असन. नाही तर उठते कशी? तुमी तर सांगतलंच होतं, दाबल्याबिगर उठत नाही.”

परसरामनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. “झोप तू,” म्हणाला. बस्स.

घरी आल्यावर गाव भेटायला लोटलं. ताराचंद पटले आला तो ढसाढसा रडतच. “परसरामभाऊ, माह्या मोटारीनंच काही तरी झालं असन हो. तुमी नव्हते म्हनून मी ठोकलं बी नाही, हाक बी नाही देल्ली. माहं पाप आहे हे.” तो मोठा माणूस, मिलचा मालक, परसरामच्या पायांशी वाकला. आणि परसराम, काय सांगू तुम्हाला, “जाऊ द्या, होनारं होते,” एवढं म्हणाला. त्या क्षणी मी तिथं असतो तर त्याच्या थोबाडीत दिली असती, असं वाटतं. पण आपण त्याच्या जागी असतो तर आपणही कदाचित तेच म्हणालो असतो. माणसाची लाज फार वाईट असते.

जखम भरली. पण अंकुशचं दुसरंच काहीतरी बिघडलं आणि ते भरेना. त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. आपण बटण दाबलं आणि आपल्यालाच आठवत नाही, म्हणजे आपल्या हातून काहीही होऊ शकतं, हे त्याच्या मनानं घेतलं. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा बघायला जायचा. मग पुन्हा. दाराची कडी दहादा ओढून बघायचा. मोटारसायकलला हात लावणं सोडलं. गुड्डी शाळेसाठी गळ्यात पडायची, “पप्पा, तुमीच सोडून द्या ना,” आणि हा म्हणायचा, “नाही बेटा, मम्मीसंग जाय. माह्या डोक्याचा भरवसा नाही.” पाच वर्षांच्या पोरीला हे सांगत होता.

एकदा परसरामनं पाहिलं, अंकुश बंद मशीनीपाशी उभा आहे. बिटाजवळ हात नेतोय आणि कोपर मागं करून निळं बटण कोपरानं दाबलं जातं का ते बघतोय. बटण चार हात लांब. कोपर पोचत नव्हतं. तरी तो वाकून, तिरपा होऊन, पुन्हा पुन्हा करून बघत होता. घामानं डबडबला होता. परसराम दारातूनच मागं फिरला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्याला सगळं कळत होतं बरं. एक वाक्य बोललं की पोरगा सुटतो. आणि तेच वाक्य बोललं की आपण बुडतो. दररोज सकाळी ठरवायचा, आज बोलायचं. संध्याकाळी ठरवायचा, उद्या. असे पाच महिने गेले. हाडं निघाली अंगाची. सुमनबाईला वाटायचं, पोराच्या दुःखानं खंगतोय बिचारा. ती त्याच्या ताटात जास्तीचं वाढायची, आणि ते त्याला आणखीच नको व्हायचं.

मे महिना लागला. भरदुपारी अंकुश शेडमध्ये मशीनीवर चादर घालत होता. बापाला म्हणाला, “बाबा, गोंदियाचा एक जन मशीन पाहाले येऊन राहिला. देऊन टाकतो.”

“काहून?”

“काहून म्हनजे? मशीन खराब नाही, बाबा. मीच खराब आहे. उद्या गुड्डी इथं खेळता खेळता आली आन मी बटण दाबून बसलो तर? मले कळनार बी नाही मी दाबलं म्हनून.”

परसराम खुर्चीवर बसला. “अंकुश, तू बटण नव्हतं दाबलं.”

“पुन्यांदा तेच नका काढू.”

“मी तार टाकून गेलो होतो. कोंढ्याले जाताना. निळ्या बटणावर. तू म्हनत होता तशीच.”

अंकुशनं चादर सोडून त्याच्याकडे पाहिलं, आणि चक्क हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसला. “तुमी? तुमी तार टाकसान? बाबा, माहं मन राखासाठी खोटं नका बोलू. मले मालूम आहे तुमाले वाईट वाटते ते. पन माही चूक आपल्या अंगावर नका घेऊ.”

“खोटं नाही बोलून राहिलो.”

“मंग तार कुठं आहे? मी घरी आल्यावर पॅनेल उघडून पाहिलं ना. कुठीच नव्हती.”

“काढली मी. बोडीत फेकली.”

“बस करा आता,” अंकुश म्हणाला. त्याचा आवाज चढला. “तुमी बल्ब बदलवाले पाटी लावनारे मानूस. मी काय लहान लेकरू आहो का, काही बी सांगसान आन मी मानन?”

बघा दैवाची नव्हे, माणसाच्या नावलौकिकाची करणी. खरं सांगायला पाच महिने लागले, आणि सांगितलं तर पोरगा मानायला तयार नाही. परसराम उठून पोराच्या अगदी समोर गेला.

“त्या दिवशी ताराचंदची मोटार किती खेपा उठली होती?”

“चार. का?”

“चार खेपा उठली, वीज चार खेपा लपकली. मशीन किती खेपा पडली?”

“एक बी...” अंकुश बोलता बोलता थांबला.

“लाईन चांगली नव्हती, बाबू. त्याची मोटार उठली आन मशीन नाही पडली, असं इतक्या दिवसांत कधी झालं होतं का? बटण दाबाले कोनीच नसताना रिले कसा पकडून राहिला होता?”

अंकुश पॅनेलकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात तो सगळं जुळवत होता. मग एकदम म्हणाला, “म्हनजे मी नाही दाबलं.” पुन्हा म्हणाला, “मी नाही दाबलं! बाबा, मी नाही दाबलं!” तो खाली भुशातच बसला आणि रडू लागला. हसत होता की रडत होता, दोन्ही एकच झालं होतं. परसरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंकुशनं तो हात घट्ट धरला, उरलेल्या तीन बोटांनी.

तेवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण अंकुश हुशार पोरगा. हळूहळू त्याचं रडणं थांबलं आणि पकड सैल झाली.

“मी फोन केला होता तुमाले.”

“हव.”

“लाईन मस्त आहे म्हनलं होतं मी. तेव्हा तुमाले मालूम होतं?”

“हव.”

“मंग काहून नाही सांगतलं? तेव्हा दोन तास होते, बाबा.”

“शरम वाटली.”

“कोनाची? लोकाईची?”

परसराम खोटं बोलू शकला असता. मांडवातल्या माणसांवर ढकलू शकला असता. पण खोट्याचा त्याला आता वीट आला होता. “नाही. तुही शरम वाटली. तुले बोललो होतो ना मी, सुनेपुढं.”

अंकुशनं हात सोडला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. कपड्यांवरचा भुसा झटकला आणि बाहेर गेला. सरळ ताराचंदच्या मिलमध्ये गेला आणि त्याला म्हणाला, काका, तुमची काही चूक नव्हती, तुमी मनातून काढून टाका. कोणाची होती ते त्यानं सांगितलं नाही. घरातही प्रतिक्षाशिवाय कोणाला सांगितलं नाही. सुमनबाईला परसरामनं स्वतःच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते भाजीला काय आणायचं एवढंच.

पोरगा मात्र सुटला. ते खरं. मशीन विकणं रद्द झालं. गॅसपाशी फेऱ्या थांबल्या. सुट्टीतच त्यानं मोटारसायकल काढली, गुड्डीला पुढं बसवून बाजाराला नेऊन आणलं, आणि पोरगी हॉर्न वाजवत वाजवत घरी आली. पटाशी तो अंगठा आणि अनामिका यांत धरायला शिकू लागला. बापाशी वाईट वागला नाही. जेवलात का विचारायचा, गोळी घेतली का विचारायचा. नजर तेवढी पॅनेलवर, भिंतीवर, कुठंतरी दुसरीकडे असायची.

जूनच्या सुरुवातीला मशीन पुन्हा चालू करायचं ठरलं. परसरामला कुणकुण लागली तशी त्यानं सकाळीच आपली पेटी काढली. टेस्टर पुसला, पक्कड पुसली, चष्मा लावून शेडकडे निघाला. अंकुश दारातच आडवा आला.

“तुमी नका येऊ, बाबा.”

“एकडाव तपासून देतो. स्पिंडलच्या खटक्याचं बी करा लागते, तो आपोआप उठाले नाही पायजे...”

“तुमसरवरून इलेक्ट्रिशियन बाई बोलावली आहे. ती पाहून घेईन. तुमी पॅनेलले हात नका लावू.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर परसराम भांडला असता. तो पेटी घेऊन अंगणात आला आणि बाजेवर बसला.

बाई आली, रश्मी नाव, आयटीआय केलेली, तिशीची असेल. शेडचं दार उघडंच होतं. तिनं पॅनेल उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, “अगा माय!” ती एकेक तार बोटानं चाचपत गेली. नंबर वाचत गेली. “दादा, मी इतक्या कंपन्यांत फिरली, असं काम नाही पाहिलं. कंट्रोलचा सप्लाय वेगळा, रिले वीज दोन्ही बाजूनं तोडते, अर्थिंग बी पक्कं. कोनी केलं हे?”

अंगणात परसराम ताठ बसला.

“होते एक फॅक्टरीवाले,” अंकुश म्हणाला. “आता नाही करत.”

“त्याईचा नंबर देता का? मले शिकाले पायजे होतं त्याईपाशी.”

“नाही माह्यापाशी,” अंकुश म्हणाला. “तुमी ते सगळं खोलून नव्यानं तपासा. एक बी तार सोडू नका.”

सुमनबाई चहा घेऊन अंगणात आली तेव्हा परसराम पेटीवर डोकं टेकून रडत होता, लहान पोरासारखा, आवाज काढून. शेडमध्ये ते ऐकू गेलंच असेल. दहा पावलांचं तर अंतर. सुमनबाई कप हातात धरून उभी राहिली आणि पोरगा बाहेर येतो का म्हणून शेडच्या दाराकडे बघत राहिली. आतून रश्मीचा आवाज येत होता. ती तारांचे नंबर मोठ्यानं सांगत होती, आणि अंकुश ते एकेक करून कागदावर लिहून घेत होता.